सातबहिणींच्या पदरातले पाणी

गुप्तधनाच्या कथा नाहीत असे गाव महाराष्ट्रात सापडणे कठीण. कुठे पडक्या गढीखाली मोहरांचा हंडा असतो, कुठे वडाच्या मुळाशी नाग राखण करीत बसलेला असतो, कुठे अमावास्येच्या रात्री शेताच्या बांधावर दिवा दिसतो. या कथा ऐकायला गोड, पण त्यांच्यापायी माणसांनी काय काय केले हे आठवले की अंगावर काटा येतो. २०१३ साली महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू आणि गुप्तधन यांच्या शोधासाठी होणारी अघोरी कृत्ये गुन्हा ठरवलेली आहेत, आणि त्याच ओळीत आणखी एक शब्द आहे : जलस्रोत. सोने आणि पाणी कायद्याने एकाच कलमात आणून बसवले. कायदा लिहिणाऱ्यांना त्यात काही काव्य अभिप्रेत नसणार. पण संकटात सापडलेला माणूस जमिनीखाली नेमके काय शोधतो, याचे इतके नेमके उत्तर मला अन्यत्र वाचायला मिळालेले नाही.

हा विचार मनात येण्याचे निमित्त नवेगावबांध. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या तलावाची ओळख मराठी वाचकाला बहुधा मारुती चितमपल्ली यांच्यामुळे झालेली असते. वनाधिकारी म्हणून त्यांनी इथे काढलेला काळ ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात आला आणि इथले पक्षी, इथले जंगल घरोघर पोचले. १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा हा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. त्यामुळे आज इथे येणारा माणूस वाघासाठी किंवा पक्ष्यांसाठी येतो. तलाव त्याला निसर्गाचाच एक भाग वाटतो. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचे हे पाणी माणसांनी अडवलेले आहे, ही गोष्ट पाळीवर उभे राहूनही चटकन लक्षात येत नाही. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीने बुजवल्या आणि बाकीचे काम डोंगरांनी केले, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

हा बंध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते. सभोवतीच्या डोंगरांच्या सात शिखरांना ‘सातबहिणी’ म्हणतात आणि या बहिणींच्या दैवी साहाय्यानेच तलाव उभा राहिला अशी श्रद्धा आहे. खुद्द कोलू पाटीलही माणूस म्हणून उरला नाही. तो ‘कोलासूर देव’ झाला, आणि याच शिखरांपैकी एकावर त्याचे ठाणे आहे. म्हणजे बांधणारा देव, त्याला मदत करणाऱ्या देवी, आणि दोघांच्या पायथ्याशी पाणी. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा कथेचे काय करावे हा प्रश्न पडतो. बाजूला ठेवावी, तर बांधकामाचा दुसरा तपशील फारसा हाती राहत नाही. जशीच्या तशी घ्यावी, तर तो इतिहास होत नाही. मला वाटते, तिसरा मार्ग आहे. ही कथा ज्यांनी जपली त्यांना ती का जपावीशी वाटली, हे विचारण्याचा.

त्यासाठी आधी कोहळी कोण हे पाहावे लागते. वैनगंगेच्या खोऱ्यात, जुन्या भंडारा आणि चांदा जिल्ह्यांत पसरलेला हा शेतकरी समाज. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात तलाव बांधण्याचे कौशल्य व उसाची लागवड या दोन गोष्टींनीच त्यांची ओळख करून दिलेली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिकडून त्याने आपले पूर्वज आणले, अशी त्यांची परंपरा. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट कळते : आपण मूळचे इथले नाही, आणि इथे येताना पाणी अडवण्याची विद्या एवढीच ठेव सोबत होती, ही त्या समाजाची स्वतःविषयीची समजूत. गोंड राजांचे धोरणही या विद्येला पोषक होते. जो रान तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यायची, ही चांदा राज्याची चाल होती. राजाने खजिन्यातून तलाव बांधले असे नाही. बांधणाऱ्याला त्याने पाण्याखालच्या जमिनीचे आश्वासन दिले, इतकेच.

तलाव का हवा, हे भाताच्या शेतीवाचून समजत नाही. या भागाला लोक धानाचा प्रदेश म्हणतात. वार्षिक पाऊस इथे कमी नाही. देशावरच्या शेतकऱ्याला हेवा वाटावा इतका पडतो. पण धानाला नुसता एकूण पाऊस पुरत नाही, त्याला वेळेचा पाऊस लागतो. आषाढ-श्रावणात बांधी तुडुंब भरली आणि भाद्रपदात ढग गेले, तर लोंबी भरायच्या वेळीच पीक करपते. एक किंवा दोन पाण्यांचा प्रश्न असतो, आणि त्या दोन पाण्यांवर घरचे वर्षभराचे अन्न ठरते. तलावाने करायचे ते एवढेच : श्रावणातले जादा पाणी आश्विनापर्यंत राखून ठेवायचे. पाळीत बसवलेल्या तुडुमाची भोके वरून खाली एकेक उघडत जायची, पाटाने पाणी बांधीत न्यायचे, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत. पाणी कुणाला किती, कुणाला आधी, हे ठरवायला गावाने नेमलेला माणूस असे. तलाव मोठा, त्याहून लहान ती बोडी, आणि एकीच्या सांडव्याचे पाणी दुसरीत, अशी साखळी असे. उन्हाळ्यात पाणी हटले की गाळात गाळपेर. पाणी कमी झाले तरी मासे, कमळकंद, शिंगाडे.

आता अशा पाळीचा विचार जरा बांधणाऱ्याच्या बाजूने करावा. ती मातीची आहे. पहिल्या पावसाळ्यात ती बसेल की वाहून जाईल हे आधी कळण्याचा उपाय नाही. डोळ्यांनी डोंगराचा उतार पाहायचा, ओढ्याच्या पुराच्या खुणा पाहायच्या, आणि अंदाज बांधायचा. अंदाज चुकला तर शेकडो माणसांचे कष्ट एका रात्रीत जातात, आणि खालचे गावही जाते. बरोबर आला तरी त्याचे फळ मुख्यतः पुढच्या पिढ्या खाणार. अशा वेळी माणूस म्हणतो, ‘माती मी टाकतो, पाळ तुम्ही धरा.’ सातबहिणींची कथा म्हणजे माझ्या मते हेच वाक्य आहे. आपल्या कौशल्याची सीमा कुठे संपते हे ज्याला नेमके ठाऊक आहे, त्याचा हा विश्वास आहे. ज्याला काहीच येत नाही त्याचा देवावरचा भार आणि ज्याने सगळे करून पाहिले त्याचा भार, हे दिसायला सारखे असले तरी एक नव्हेत.

महाराष्ट्रात पाण्याच्या काठी सात बहिणी इतरत्रही भेटतात. सातीआसरा, माउल्या, जलदेवता अशा नावांनी विहिरीवर, डोहावर, नदीच्या वळणावर शेंदूर फासलेले सात दगड असतात. ‘आसरा’ हा शब्द अप्सरांपासून आला असे अभ्यासक सांगतात. देशावरच्या आसरांची लोकांना बहुधा भीती वाटते. त्या डोहात ओढून नेतात, बाळंतिणीला आणि कोवळ्या मुलांना बाधतात. नवेगावच्या बहिणी मात्र पाणी धरून ठेवणाऱ्या आहेत. पाण्याची भीती आणि पाण्याचा आधार यांतला हा फरक आहे. तो प्रदेशाच्या धानशेतीतून आला असावा असे म्हणण्याचा मोह होतो.

संकटकाळातील श्रद्धेची मराठी मनाला आठवणारी उदाहरणे दोन. पहिले तुकोबांचे. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाने देहूच्या या वाण्याचे घर उद्ध्वस्त केले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, दुकान बसले, पत गेली. त्यानंतर त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले आणि लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत बुडवली. परंपरेने जपलेला एक तपशील मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे : धाकट्या भावाच्या वाटणीची खते त्यांनी भावाला दिली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दुसऱ्याच्या धनावर त्यांनी आपले वैराग्य लादले नाही. दुसरे उदाहरण मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचे. बहमनी अमलात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांना उघडून दिली आणि त्यांच्यासाठी विठ्ठल महाराच्या वेषात बिदरला जाऊन रक्कम भरून आला, ही कथा महिपतींच्या ‘भक्तविजया’ने अठराव्या शतकात महाराष्ट्रभर नेली.

या दोघांच्या रांगेत कोलू पाटलाला बसवावे की नाही याविषयी मतभेद होऊ शकेल. तो संत नव्हता. त्याच्या नावावर अभंग नाही, चमत्कारही बेताचाच. पण तिघांच्या कृती शेजारी ठेवून पाहिल्या तर एक क्रम दिसतो. तुकोबांनी धन सोडून दिले, दामाजींनी साठा वाटून टाकला, कोलू पाटलाने साठा निर्माण केला. तिघांनाही धन कशाला म्हणायचे हा प्रश्न पडलेला होता, आणि तिघांचेही उत्तर एकाच दिशेने जाते : जे आपल्यापुरते राखता येते ते धन नव्हे. तलावाच्या बाबतीत तर हे तत्त्व पाण्याच्या स्वभावातच आहे. हंडा पुरून ठेवता येतो. अकरा चौरस किलोमीटर पाणी कुणाला लपवता येईल?

पण इथे थांबलो तर हा लेख भक्तिभावाने इतिहासाला दिलेली फसवी सूट ठरेल. तलावाचे पाणी सर्वांना दिसत असले तरी सर्वांना सारखे मिळत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मध्य प्रांतात मालगुजारी पक्की केली, आणि गावचा पाटील गावाचा मालक झाला. तलावही त्याचा झाला. रयतेला निस्तारहक्क होते, दुरुस्तीला घरटी श्रम द्यावे लागत. ज्याची जमीन पाटाच्या टोकाशी त्याच्यापर्यंत पाणी शेवटी पोचे, आणि ज्याची जमीनच नाही त्याच्यापर्यंत कधीच पोचत नसे. तलावातला मासा पकडणारा ढिवर पाण्यात उतरे, पण पाण्याच्या निर्णयात त्याला जागा नसे. आणि पाळीवर माती कोणी टाकली? एवढ्या मोठ्या बंधासाठी टोपल्या वाहणारे हात असंख्य असणार, आणि त्यांत बायकांचे हात थोडे नसणार. त्यांच्यापैकी एकीचेही नाव उरलेले नाही. सातबहिणींकडे पाहताना मला कधी कधी वाटते, लोकस्मृतीने त्या निनावी बायकांना शिखरांवर नेऊन तर बसवले नाही ना? याला पुरावा नाही, आणि मी तो निष्कर्ष म्हणून मांडत नाही. पण बांधणाऱ्याचे नाव देव होऊन उरते आणि मदत करणाऱ्यांची केवळ संख्या उरते, हे काही फक्त पुराणातच घडते असे नाही.

या तलावांची खरी परीक्षा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. १८९६ साली मध्य प्रांतात पाऊस ऑगस्टअखेर एकाएकी थांबला, म्हणजे धानाला ज्या दोन पाण्यांची गरज असते नेमकी तीच गेली. त्यातून सावरण्याआधीच १८९९ चा पाऊस फसला आणि १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. सगळे तलाव सगळ्यांना तारू शकले नाहीत. पावसानेच पाठ फिरवली तर तलावही कोरडा पडतो. पण तलावाखालची बांधी आणि आभाळाखालची बांधी यांतला फरक त्या वर्षांनी सरकारलाही शिकवला. १९०१ साली सिंचन आयोग नेमला गेला, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत या भागात सरकारी तलाव झाले. तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे त्याच काळातले. दोनशे वर्षांपूर्वी कोलू पाटलाने खिंडीत माती टाकून जे सांगितले होते, ते इंग्रज अभियंत्यांनी नकाशावर मांडले.

नंतरची हकिगत सांगताना आवाज जरा खाली येतो. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. अन्यायी मालकी गेली हे योग्यच झाले. पण मालकीबरोबर जबाबदारीही गेली, आणि ती कुणाच्या दाराशी जाऊन बसली हे कुणालाच नीट कळले नाही. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. सरकारी कागदावर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. मामा म्हटल्यावर जिव्हाळा यावा, पण हा मामा अनेक गावांत पोरका झाला. गाळ साचला, तुडूम मोडले, पाळीवर झुडपे वाढली, काठावर बेशरमाने बस्तान ठोकले, बुडीत क्षेत्रात अतिक्रमणे झाली. ज्या धनावर चोराची नजर नसते ते उपेक्षेने जाते, हे आपण आपल्या डोळ्यांदेखत पाहिले.

तरीही सगळेच हरवले असे नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच परिसरात ढिवर समाजाच्या मच्छीमारांसोबत काम केले. बेशरम उपटायची, तलावाच्या तळात देशी पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, म्हणजे देशी मासे परततात. त्यासाठी ज्ञान बाहेरून आणावे लागले नाही. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात येते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, हे ढिवरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतेच. विचारणारा हवा होता. तीनशे वर्षांत ज्यांना पाण्याच्या निर्णयात जागा नव्हती त्यांच्याकडेच तलावाची वही शिल्लक राहिली, याला काय म्हणावे? महाराष्ट्रात सारस क्रौंचाची जी मोजकी जोडपी उरली आहेत तीही मुख्यतः याच गोंदिया जिल्ह्यातल्या तलावांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आसऱ्याने. जिथे तलाव गेला तिथून सारसही गेला.

या तालुक्यात आणखी एक वस्ती आहे, तिचा उल्लेख करून आवरते घेतो. नवेगावपासून फार दूर नाही अशा गोठणगाव परिसरात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. बर्फाच्या देशातली माणसे धानाच्या देशात आली, आणि त्यांनी घरांसोबत आपला बौद्ध विहारही उभा केला. देश गेला, जमीन गेली, हवामानसुद्धा गेले. ज्याच्यावर त्यांचा भरवसा होता ते मात्र सीमेवर कुणाला काढून घेता आले नाही. काशीहून निघालेल्या कोहळ्यांच्या कथेशी ही गोष्ट मी नकळत जोडून पाहतो. सगळे मागे टाकून निघालेला माणूस सोबत काय घेतो, यावरून त्याने धन कशाला मानले ते कळते. एकांनी पाणी अडवण्याची विद्या आणली, दुसऱ्यांनी प्रार्थना आणली. दोन्ही वाटेत ओझे झाल्या नाहीत.

कोलू पाटलाच्या हयातीत इथे गोंड राजे होते. त्याच शतकाच्या मध्यापर्यंत देवगड आणि चांदा दोन्ही राज्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेली, १८५३ नंतर भोसल्यांचे राज्य इंग्रजांकडे गेले, इंग्रजही गेले. भंडाऱ्याचा जिल्हा विभागून १९९९ साली गोंदिया जिल्हा झाला. या प्रत्येक खांदेपालटात कुणाचा ना कुणाचा खजिना रिकामा झाला असेल, कुणी काही पुरून ठेवले असेल, आणि ते अजून सापडत नसेल. पाळ मात्र जागेवर आहे. तिच्यामागे पावसाळ्यात पाणी चढते आणि उन्हाळ्यात उतरते.

कोलासुराला नवस बोलणाऱ्याने काय मागावे, हे मी सांगू शकत नाही. पण त्याचे ठाणे जिथे आहे तिथून खाली पाहिले की एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या देवाने आपल्या भक्तांना काय दिले हे शोधायला जमीन खणावी लागत नाही. खणायची असेल तर ती गाळ काढण्यासाठी खणावी. तेवढ्या कामाला सातबहिणी अजूनही हात लावतील, असा माझा भरवसा आहे. पहिली टोपली मात्र आपणच उचलायला हवी.